अब्बांच्या खजुराचे स्थलांतर

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात आमचे शिरपूर जैन. गावाच्या नावातला ‘जैन’ आला तो अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे. इथली मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी जैन बांधवांची श्रद्धा, म्हणून ‘अंतरिक्ष’. दोन पंथांच्या वादात कित्येक वर्षे कुलपात राहिलेले हे मंदिर २०२३ साली उघडले. बाकी गाव सोयाबीन-तुरीचे, काळ्या मातीचे.

या गावातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात एक खजूर होता. अब्बा हजहून आले तेव्हा मदिनेच्या खजुराच्या काही बिया त्यांनी अंगणात पुरल्या. त्यातली एकच जगली. नाल्याकाठची शिंदी पाहणारे लोक तिलाही शिंदीच म्हणत. बावीस वर्षांत बुंधा बारा फुटांवर गेला. पण फळ कधी धरले नाही. खजुरात नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. बी लावून आलेले झाड कोणते, हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही. आमचा निघाला नर.

अब्बा गेल्यावर घराची वाटणी झाली. खजूर भाईजानच्या वाट्यात आला. त्यांना मुलाच्या लग्नाआधी तिथे खोली काढायची होती. “फळ नाही, सावली नाही. कापून टाकू,” ते म्हणाले. आमचे तोंडून दोन जास्तीचे शब्द गेले, त्यांच्याही तोंडून गेले. महिनाभर दोन्ही घरांत फक्त सलामापुरते बोलणे उरले. शेवटी अम्मीच म्हणाल्या, “फल नहीं देता तो क्या हुआ? तुम्हारे अब्बा के हाथ का है.” गावाबाहेर आम्ही नवे घर बांधले होते, त्याच्या मागे मोकळी जागा होती. झाड तिथे न्यायचे ठरले.

एवढे मोठे झाड हलवता येते का? आंबा-लिंब असता तर आम्ही धजलो नसतो. खजुराला सोटमूळ नसते. बुंध्याच्या तळातून दोरीसारख्या असंख्य मुळ्या निघतात, आणि काही तुटल्या तरी तळातून नव्या फुटतात. मात्र त्यासाठी माती उबदार लागते. खजूर थंडी सोसतो, पारा शून्याच्या थोडा खाली गेला तरी मरत नाही. पण थंड मातीत मुळ्या धरत नाही. म्हणून हिवाळा टाळून आम्ही मृगाचा पहिला पाऊस गाठला.

आधी नवा खड्डा तयार केला. आपली काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते. त्यात तुटलेल्या मुळ्या कुजतात. म्हणून खड्डा रुंद घेतला, मातीत मुरूम आणि जाड वाळू मिसळली, ताजे शेणखत टाकले नाही. मग जुन्या अंगणात बुंध्यापासून दोन फूट सोडून गोल चर खणायला घेतली. खणता खणता आम्हाला हजरत सलमान फारसी (रजि.) आठवले. त्यांच्या गुलामीतून सुटकेसाठी मालकाने तीनशे खजूर लावून देण्याची आणि चाळीस उकिया सोन्याची अट घातली होती. सहाबांनी रोपे जमवली, खड्डे खणायला हात लावला, आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती रोपे स्वतःच्या हातांनी लावली. वर्गात ही हकिकत आम्ही किती वेळा सांगितली असेल! एका माणसाच्या सुटकेसाठी अनेकांनी माती उपसली, ही गोष्ट मात्र हातात फावडे आल्यावर नीट कळली. भाईजान ओट्यावर बसून पाहत होते. दुपारी ते काही न बोलता उठले आणि दुसरे फावडे घेऊन चरीत उतरले.

खालच्या झावळ्या कापल्या. वरच्या एकत्र करून शेंड्याभोवती दोरीने बांधल्या, कारण खजुराला कोंब एकच असतो. तो दुखावला तर झाड संपले. मुळांचा गड्डा पोत्यांत आवळला, बुंध्याला गोणपाट गुंडाळले आणि त्यावरून क्रेनचा पट्टा लावला. खजुराच्या बुंध्याची जखम कधी भरत नाही. झाड उचलले गेले तेव्हा अम्मी दुआ करत उभ्या होत्या. शेजारचे जैन काका म्हणाले, “आज तुमचा खजूर अंतरिक्ष झाला!” महिन्यानंतर भाईजान आमच्याबरोबर हसले.

नव्या जागी झाड पूर्वी होते तेवढेच खोल लावले. टेकूसाठी बुंध्यावर गोणपाट, त्यावर लाकडी पट्ट्या बांधल्या आणि बल्ल्यांचे खिळे त्या पट्ट्यांत ठोकले. झाडात एकही नाही.

त्यानंतर वाट पाहणे आले. पावसाळा गेला, झाड जसेच्या तसे. दिवाळीपर्यंत बाहेरच्या झावळ्या तपकिरी झाल्या. दर जुम्म्याला आम्ही शिडी लावून मधला कोंब हलकेच ओढून पाहत असू. हातात निघून आला, तर आतून कुजला समजायचे. तो निघत नव्हता, वाढतही नव्हता. एका पहाटे फजरनंतर परसात गेलो, तर शिडीवर भाईजान! त्यांनीही कोंब ओढून पाहिला आणि म्हणाले, “पक्का आहे.” ते आधीही येऊन गेले होते, हे त्या दिवशी कळले.

होळीच्या सुमारास ऊन तापू लागले. रमजान चालू होता. कोंब चार बोटे वर सरकला, आणि पंधरा दिवसांत एक हिरवी झावळी उलगडली. दोऱ्या सोडायला आम्ही भाईजाननाच बोलावले. संध्याकाळी दोन्ही घरांची इफ्तार त्याच परसात झाली.

कोणाला असे झाड हलवायचे असेल, तर कष्टापेक्षा सबुरीची तयारी ठेवावी. निदान वर्षभर झाड मेले असे म्हणू नये. नात्यांच्या बाबतीतही आम्ही आता हाच नियम पाळतो.