तेराचा पाढा

आमच्या घरात ४९ या आकड्याला तीन नावं आहेत. शाळेत तो ‘फॉर्टी नाइन’ असतो, मैदानावर धावा मोजताना ‘उनचास’ आणि आबांसमोर ‘एकोणपन्नास’. सेक्टर ६ मधल्या बहुतेक मराठी घरांत थोड्याफार फरकाने असंच असणार. अडचण एवढीच, की माझा मुलगा तिसरीत आहे आणि त्याला पाढे येत नाहीत, असा शाळेचा निष्कर्ष होता.

मी अनुवादाचं काम करते. चुकीचा मजकूर समोर आला की तो कुठून चुकत आला हे बघायची सवय लागते. त्याची वही मी तशीच वाचली. सात गुणिले सात : ५१. सात गुणिले नऊ : ३६. मग त्याला समोर बसवून सातचा पाढा म्हणायला सांगितलं. ‘साती साती एकोणपन्नास, साती आठी छप्पन्न, साती नवे त्रेसष्ट’, सगळं बिनचूक, आजीच्या चालीत. घोटाळा कानापासून पेन्सिलीपर्यंतच्या वाटेत होत होता. ‘एकोणपन्नास’मध्ये त्याला एक आणि पन्नास ऐकू येत होते, झाले ५१. ‘त्रेसष्ट’मध्ये आधी तीन, मग साठ, त्याने त्याच क्रमाने ३६ लिहिले. म्हणजे गुणाकार बरोबर, अनुवाद चुकलेला.

सगळ्याच चुका अशा देखण्या नव्हत्या. आठ सक किती, हे त्याला खरंच येत नव्हतं.

शिकवणीच्या बाईंनी उपाय सुचवला : घरी मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा. हेतू चांगलाच होता. पण इथे मराठी क्वार्टरच्या फाटकापर्यंतच असते. फाटकाबाहेर हिंदी, भाजीवालीकडे छत्तीसगढी. ती अजून वीसला ‘कोरी’ म्हणते, आणि आमच्या सासूबाई तिच्याशी ‘कोडी’ म्हणत बिनदिक्कत व्यवहार करतात. परप्रांतातल्या मराठी घरांतून सगळ्यात आधी आकडेच जातात, हे मी पाहत आले आहे. फोन नंबर इंग्रजीत, घासाघीस हिंदीत. जो मुलगा आजीला ‘किती वाजले’ हे मराठीत सांगू शकत नाही, तो हळूहळू बाकीचंही सांगेनासा होतो. शिवाय तो स्वतःला ‘बुद्धू’ म्हणायला लागला होता. एक भाषा काढून घेतल्याने तो शब्द गेला असता, असं मला वाटत नव्हतं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ असंही आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विषय थेट विधानसभेत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की मराठी संख्यानामांतली जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. विनोद करणाऱ्यांपैकी किती जणांनी तिसरीतल्या मुलाची वही पाहिली होती कोण जाणे. ‘पन्नास एक’ म्हणणारा मुलगा १५ लिहीत नाही, एवढं मात्र खरं.

तरीही ‘एकोणपन्नास’ मला सोडवेना. मी त्याला शब्द उकलून दाखवला : एक, ऊन, पन्नास. ऊन म्हणजे कमी. पन्नासला एक कमी. हिंदीच्या ‘उनचास’, ‘उनसठ’मध्येही तेच ऊन आहे. त्याने विचारलं, “मग उन्हाळ्यात काय कमी असतं?” भिलाईत मे महिन्यात या प्रश्नाला उत्तर नाही.

मग आम्ही हिशेब केला. एक ते दहाचे पाढे म्हणजे १०० गुणाकार. सात आठी आणि आठ साती एकच धरले की उरतात ५५. एक, दोन, पाच, दहा त्याला येतातच. ते काढले की फक्त २१. नऊचा पाढा बोटांवर सुटतो, मग १५. कॅलेंडरच्या पाठीवर ते १५ लिहिले. रोज तीन, तेही उलटसुलट, कारण चालीत म्हणायला लागला की तो एकेपासून जिना चढत येतो. उत्तर आधी आकड्यांत लिहायचं, मग हव्या त्या भाषेत म्हणायचं.

आबांना ही पद्धत फारशी पसंत नव्हती. पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ असलेल्या माणसाला १५ गुणाकारांचं काय कौतुक? ते वर्ध्याहून इथे आले आणि निवृत्तीपर्यंत रेल मिलमध्ये होते. एका संध्याकाळी त्यांनी नातवाला विचारलं, “आपल्या कारखान्यातला रूळ किती मीटरचा, माहीत आहे का रे?” मूळ लांबी १३. मग २६, ६५, ७८. नव्या मिलमध्ये एकसंध १३० मीटरचा निघतो, आणि जोडून २६०. ही सगळी तेराच्या पाढ्यातली माणसं, असं ते म्हणाले. शाळेत तेराचा पाढा नाहीच, त्यामुळे तिथे नापास होण्याची सोयही नाही. तेर दुणे सव्वीस, तेर पंचे पासष्ट, तेर सक अठ्ठ्याहत्तर. ‘तेर आठी चारोदरसे’ला तो थांबला.

“चारोदरसे म्हणजे?”

“शंभरावर चार.”

त्याने १०४ लिहिलं. क्रमाने, उलटं न करता. मग कॅलेंडर उलटून त्याने आठ सककडे पाहिलं, बोटं मोजली आणि ४६ लिहिलं. खोडलं. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी खोडरबर त्याच्याकडे सरकवला.