बोटांचा वेग काढला, तर खेळात काय उरतं?

तुमच्या घरात माळ्यावर जुन्या व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट अजून पडून आहे का? फुंकर मारून खाचेत बसवायची ना, तीच! वर ‘9999 इन 1’ लिहिलेलं असायचं आणि आत मोजून दहा-बारा खेळ निघायचे. तेच खेळ आज जगभरातले काही लोक अगदी वेगळ्या पद्धतीने खेळतात. त्या पद्धतीचं नाव टूल-असिस्टेड स्पीडरन, थोडक्यात ‘टास’. सुट्टीत घरच्यांसोबत करून पाहायचं ठरवलंत, तर पहिला प्रश्न येतो, गेम कोणता घ्यायचा? आज त्याबद्दलच सांगते.

आधी टास म्हणजे काय ते पाहू. स्पीडरन म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवणं. टासमध्ये आपण इम्युलेटर वापरतो, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं, जुन्या कन्सोलची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर. त्यात गेम एकेक फ्रेम थांबवत पुढे नेता येतो. उडी चुकली की मागे जायचं, पुन्हा करायचं. शेवटी हातात उरते ती फक्त एक यादी, कोणत्या फ्रेमला कोणतं बटण दाबलं याची. ती यादी पूर्ण वेगात चालवली की खेळ एका दमात खेळल्यासारखा दिसतो.

2003 मध्ये ‘मोरिमोतो’ या टोपणनावाच्या जपानी खेळाडूचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स 3’चा असाच एक व्हिडिओ इंटरनेटवर पसरला. अख्खा गेम साधारण अकरा मिनिटांत संपला होता. माणूस असा खेळू शकतो यावर कित्येकांनी विश्वास ठेवला आणि खरं कळल्यावर ‘ही तर फसवणूक’ म्हणून चिडलेही. पण टास म्हणजे शर्यतीतली लबाडी नाही. त्याचा रांगेतला नंबरच वेगळा असतो. प्रश्न इतकाच असतो की बोटांची मर्यादा काढून टाकली, तर हा गेम किती लवकर संपू शकतो?

हा प्रश्न माझ्या घरात जरा वेगळ्या वाटेने आला. मागच्या वर्षी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. ते बरे झाले, पण उजव्या हाताची बोटं मंदावली. सांगलीहून काही महिने ते माझ्याकडे, बेंगळुरूला एचएसआर लेआउटमध्ये राहायला आले. माझ्या लहानपणी रात्री जेवणं झाल्यावर मारिओ खेळणारे आमच्या घरात तेच. इथे मी लॅपटॉपवर मारिओ लावून दिला, तर पहिल्याच शत्रूला धडकून तीनदा मेले आणि म्हणाले, “राहू दे गं. आता हे आपलं काम नाही.”

मग मी त्यांना ‘बिझहॉक’ नावाचा इम्युलेटर उघडून दिला. त्यात टाससाठी एक तक्ता असतो. प्रत्येक ओळ म्हणजे एक फ्रेम, प्रत्येक रकाना म्हणजे एक बटण. बाबांनी तीस वर्षं पतसंस्थेत हिशेब लिहिले आहेत. तक्ता पाहून म्हणाले, “अगं, ही तर रोजकीर्द!” आणि चष्मा पुसून बसले.

त्या दिवसापासून गेम निवडायची माझी कसोटी एकच आहे. बोटांचा वेग काढून टाकला, तर खेळात काय उरतं? डोकं चालवायला भरपूर जागा उरत असेल, तर तो गेम टाससाठी चांगला.

ही कसोटी जुन्या ओळखीच्या खेळांना लावून पाहू.

डक हंट: यात खरी मजा बंदुकीने नेम धरण्यात. एकेक फ्रेम थांबवून नेम धरला तर तो चुकणारच नाही. मग उरतं काय? तीच बदकं, पुन्हा पुन्हा. बाद.

1942: विमानाचा हा खेळ आपल्या मर्जीने पुढे सरकतच नाही, पडदा स्वतःच्या गतीने सरकतो. तुम्ही कितीही हुशार असलात तरी वेळ फारसा वाचत नाही. सुरुवातीला नको.

काँट्रा: इथे तुम्ही धावाल तसा पडदा पुढे सरकतो. गेमला स्पष्ट शेवट आहे, आणि दोन खेळाडूंची बटणं एकाच यादीत लिहिता येतात. घरातल्या दोघांसाठी उत्तम, पण गोळ्या-शत्रूंची गर्दी मोठी. दुसऱ्या फेरीत घ्या.

सुपर मारिओ ब्रदर्स: 1985 चा हा गेम सुरुवातीसाठी अजूनही सोन्यासारखा. एकूण 32 लेव्हल्स, पण ‘वॉर्प’च्या वाटांनी गेलात तर फक्त आठ खेळाव्या लागतात. शिवाय त्यात एक गंमत आहे. बहुतेक लेव्हल्स संपल्यावर पुढची लेव्हल केव्हा सुरू करायची, हे गेम दर 21 फ्रेमनी एकदाच तपासतो.

आमच्या सिल्क बोर्डच्या सिग्नलसारखं समजा. तुम्ही गाडी दामटून पाच सेकंद आधी पोचलात, तरी सिग्नल सुटेल तेव्हाच सगळ्यांसोबत निघणार. आधीचा सिग्नल मिळाला तरच खरा फायदा. त्यामुळे एखाद-दोन फ्रेम वाया गेल्या तरी बहुतेक वेळा काही बिघडत नाही. नवख्या माणसाला यासारखा दिलासा नाही.

माणसांनीही या गेमवर कमाल केली आहे. 2021 मध्ये ‘निफ्टस्की’ या टोपणनावाच्या खेळाडूने हाताने खेळून तो 4 मिनिटे 55 सेकंदांच्या आत संपवला. टास आणि माणूस यांच्यातलं अंतर आता एका सेकंदाहूनही कमी आहे!

तुम्ही विचाराल, जुनेच गेम का? कारण ते लहान आहेत. निन्टेन्डोच्या त्या कन्सोलची मुख्य मेमरी अवघी 2 किलोबाइट. मारिओ कुठे आहे, किती वेगात आहे, हे सगळं आकड्यांत डोळ्यांसमोर पाहता येतं. आणि ‘नशीब’ दिसतं तेही बहुधा हिशेबच असतं. त्याच फ्रेमला तीच बटणं दाबली, की शत्रू तसाच वागतो. ज्या गेमची यादी पुन्हा चालवल्यावर दर वेळी वेगळंच घडतं, तो सोडून द्या.

आणखी दोन गोष्टी आधीच बघून घ्या. एक, आवृत्ती. अमेरिका-जपानच्या आवृत्त्या सेकंदाला साधारण 60 फ्रेमने चालतात, युरोपातल्या 50 ने. एकीची यादी दुसरीवर चालणार नाही. दोन, गेमची फाइल. जुने असले तरी या गेम्सवर कंपन्यांचा हक्क आहे. त्यामुळे फाइल रीतसर मार्गानेच मिळवा. ते अवघड वाटलं तर जुन्या कन्सोलसाठी आज नव्याने बनलेले गेम पाहा. 2019 चा ‘मायक्रो मेजेस’ अवघ्या 40 किलोबाइटचा आहे आणि त्याची फाइल बनवणारेच विकतात. मुलांनाही तो आवडेल.

सुरुवात अख्ख्या गेमने करू नका, एकच लेव्हल घ्या. मारिओची पहिली लेव्हल अर्ध्या मिनिटाची, म्हणजे सुमारे 1800 ओळी. आम्हाला तीन रविवार लागले. मी कंटेंट रायटर आहे. ऑफिसात सगळे विचारतात, टूल वापरून किती वेळ वाचला? इथे टूल हाताशी असून आम्ही अर्ध्या मिनिटासाठी तीन रविवार घातले, आणि त्यातला एकही तास वाया गेला असं वाटलं नाही.

यादी पूर्ण झाल्यावर बाबांनी स्पेसबार दाबला. मारिओ कुठेही न अडखळता झेंड्यापर्यंत गेला. बाबा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, “पण हे मी खेळलो, का कॉम्प्युटर खेळला?”

मी विचारलं, “उडी कुठे मारायची, ते कोणी ठरवलं?”

“मी.”

“मग झालं तर.”

त्यांची बोटं अजून पूर्ण मोकळी झालेली नाहीत. व्यायाम चालू आहे, आणि तो खेळाने भागत नाही हेही आम्हाला माहीत आहे. पण ‘आता हे आपलं काम नाही’ हे वाक्य त्यानंतर मी ऐकलेलं नाही. तुमच्या घरातही असं म्हणणारं कोणी असेल. आजोबा असतील, किंवा चपळ भावंडांसमोर नेहमी हरणारी धाकटी असेल. त्यांच्यासाठी गेम निवडून पाहा, आणि निवडताना त्यांनाच सोबत घ्या.

आमचा पुढचा गेम बाबांनीच ठरवलाय, काँट्रा. दुसऱ्या खेळाडूचे रकाने माझे.