वासाचा माग

जरीपटका हे नाव मराठ्यांच्या निशाणाचे. वस्ती मात्र प्रामुख्याने फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी उभी केलेली. घरे एकमेकांना खेटलेली. तळमजल्यावर वाहन, त्यामागे एखादी खोली आणि वर उरलेले कुटुंब, अशीच आमच्याही घराची रचना आहे. मागच्या खोलीत आई राहते. त्या खोलीत पहाटे पेट्रोलचा वास येतो, असे तिने गेल्या उन्हाळ्यात प्रथम सांगितले आणि पंधरवड्याने निर्वाणीचा शब्द दिला, “एक तर वास घालव, नाही तर गाडी घालव.”

गाडी घालवणे मला जड होते. १९६७ सालची ही एमजीबी काकांनी मुंबईहून आणली होती आणि त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली. आज एमजी म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे हलोलच्या कारखान्यातली नवी गाडी येते. ही त्याच नावाची जुनी, इंग्लंडमधील ॲबिंग्डनची, दोन आसनांची, कापडी टपाची. तिचे उत्पादन १९६२ ते १९८० असे अठरा वर्षे चालले. इतकी परकी गाडी नागपुरात कोण दुरुस्त करणार, असे लोक विचारतात. त्याचे उत्तर आपल्या ॲम्बेसेडरमध्ये आहे. ॲम्बेसेडरचे १४८९ घनसेंटीमीटरचे इंजिन आणि एमजीबीचे १७९८ घनसेंटीमीटरचे इंजिन ही एकाच घराण्यातली भावंडे. ज्या मिस्त्रींनी टॅक्सी आणि सरकारी ॲम्बेसेडर खोलण्यात हयात घालवली, त्यांना हिचे बॉनेट उघडल्यावर ओळखीचाच चेहरा दिसतो. कामठी मार्गावरचे आमचे मिस्त्री अशांपैकीच एक.

जुन्या गाडीला थोडा वास असायचाच, असे मानणारे पुष्कळ आहेत. हे मत मला मान्य नाही. जो वास येतो ते पेट्रोलच असते, केवळ वायुरूपात. उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट्रोलवर पेट घेण्याइतकी वाफ तयार होते. मग नागपूरच्या पंचेचाळीस अंशांची गोष्टच वेगळी. हवेत ही वाफ दीड टक्क्याच्या आसपास मिसळली की एक ठिणगी पुरते. शिवाय ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी जमिनीलगत पसरते आणि दाराखालच्या फटीतून पलीकडच्या खोलीत जाते. आमच्या मागच्या खोलीत देवघरातील निरांजन आहे आणि शेजारी गॅसचा गीझर. म्हणून पहिल्याच दिवशी गाडी अंगणाबाहेर, झाडाखाली नेऊन ठेवली आणि शोध पूर्ण होईपर्यंत ती तेथेच राहिली.

या बाबतीत आमच्या शहराचे एक वैशिष्ट्य फारसे कोणाच्या ध्यानात नसते. देशभरातील पेट्रोल आणि स्फोटक पदार्थांच्या साठ्यांवर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सवर आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार पेट्रोल ‘अ’ वर्गात, म्हणजे सर्वांत ज्वालाग्राही वर्गात मोडते आणि विक्रीसाठी नसलेले पेट्रोलही परवान्यावाचून तीस लिटरपेक्षा अधिक साठवता येत नाही. वाहनाच्या टाकीला यातून सवलत आहे. माझ्या गाडीची टाकी पन्नास लिटरांहून मोठी. कायद्याने दिलेली ही सवलत टाकी धड आहे हे गृहीत धरूनच दिलेली असणार.

आता शोधाविषयी. या कामात नाक हा अर्धवट साक्षीदार आहे. पेट्रोलच्या सान्निध्यात काही मिनिटे गेली की नाकाला त्याची जाणीवच उरत नाही. गाडीपासून दूर राहणाऱ्या आईला वास आला आणि रोज गाडी पुसणाऱ्या मुलाला आला नाही, याचे कारण हेच. दुसरे असे की वास जेथे येतो तेथे गळती असतेच असे नाही. उघड्या टपाची गाडी चालू लागली की आसनांमागे हवेचा दाब कमी होतो आणि डिकीतली हवा पुढे ओढली जाते. डॅशबोर्डपाशी येणारा वास डिकीतून निघालेला असू शकतो. मिस्त्री म्हणाले, “भाऊ, कुठं येते ते नंतर पाहू. केव्हा येते ते लिहून ठेवा.” त्यांच्या या एका सूचनेने निम्मे काम झाले.

तीन आठवडे मी वही ठेवली. इंजिन बंद केल्यावर पहिला अर्धा तास वास येतो का. रात्रभर उभ्या गाडीला येतो का. टाकी भरल्यावर येतो का आणि अर्धी झाल्यावर जातो का. रात्री बॉनेट, आतील भाग आणि डिकी अशा तिन्ही जागा प्लास्टिकच्या कागदाने वेगवेगळ्या बंद करायच्या आणि सकाळी एकेक उघडून ताज्या नाकाच्या माणसाला, म्हणजे शाळेत निघालेल्या मुलीला, हुंगायला सांगायचे. सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली की ओल लगेच उमटते. बॅटरी आधी सोडवलेली असावी, हे निराळे सांगायला नको. या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांमागे बसवलेल्या असतात आणि पेट्रोलचा विजेवरचा पंप तेथून हातभर अंतरावर. त्यातही १९६७ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत पत्र्याला जोडलेले टोक धन असते, ऋण नव्हे. नवख्या हाताला तेथे ठिणगी पाडणे अगदी सोपे.

पहिला दोष बॉनेटखाली निघाला. एसयू जातीच्या दोन कार्बोरेटरांना तळातून एकेक बारीक नळी पेट्रोल पुरवते. पुढच्या कार्बोरेटरच्या नळीचे रबरी पॅकिंग कडक होऊन चिरले होते आणि तेथे थेंब जमत होता. या इंजिनात कार्बोरेटर आणि सायलेन्सरकडे जाणारा तापलेला फाटा एकाच बाजूला, एकाखाली एक असतात. मध्ये केवळ पत्र्याची एक आडोशी. पॅकिंग नखाएवढे, पण तो थेंब पाहून मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. फ्लोटची सुईही झिजली होती, तीही बदलली.

याच वेळी सर्व रबरी नळ्या काढल्या. आता आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते.  इथेनॉलने जुने रबर फुगते, मऊ पडते आणि नळीच्या भिंतीतून वाफ झिरपू लागते. बाहेरून नळी कोरडी दिसते, पण फडके गुंडाळून ठेवले तर त्याला वास लागतो. सगळा दोष इथेनॉलवर टाकणे मात्र न्याय्य नाही. काढलेल्या नळ्यांपैकी दोन तर साध्या पाण्याच्या होत्या, कोण जाणे कोणत्या काळी कोणी बसवलेल्या. इथेनॉल सोसणारी नळी तिप्पट महाग पडते. तेथे काटकसर करू नये.

इंजिनाचा वास गेला. आईच्या खोलीशी ज्याचा संबंध होता तो पहाटेचा वास मात्र राहिला. वही सांगत होती की तो टाकी पाऊण भरली असेल तेव्हाच येतो. गळती तळाशी असती तर टाकी अर्धी असतानाही वास आला असता. अर्थात छिद्र वरच्या अंगाला असले पाहिजे. टाकी उतरवली. डिकीचा पत्रा आणि टाकी यांच्यामध्ये जी पट्टी असते, ती पन्नासहून अधिक पावसाळ्यांची माती व ओल धरून बसली होती. पट्टी खरवडून काढताच खाली गंजाने पडलेली सुईच्या अग्राएवढी सात-आठ छिद्रे दिसली. तळ खणखणीत, बाजू खणखणीत. केवळ माथा, जो कोणाच्याच नजरेस पडत नाही, चाळणी झालेला.

येथे एक प्रसंग नोंदवतो. एका कारखान्यात टाकी दाखवली तेव्हा तेथील कारागीर म्हणाला, “रिकामीच आहे, पाण्याने धुतो आणि संध्याकाळपर्यंत वेल्डिंग करून देतो.” रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून भयंकर असते. भरलेल्या टाकीत वाफेला जागा नसते. रिकाम्या टाकीत हवा आणि वाफ यांचे नेमके पेटणारे मिश्रण तयार असते आणि कोपऱ्यांतला चिकट थर पाण्याने जात नाही. पेट्रोलच्या टँकरला ज्वाळेचे काम करण्यापूर्वी आतील वायू पूर्ण काढल्याचा दाखला घ्यावा लागतो, तो उगाच नव्हे. मी टाकी परत आणली. तिच्या मापाची नवी टाकी इंग्लंडमध्ये अजून मिळते; ती मागवली. टाकीपेक्षा तिचे येणे महाग पडले.

नवी टाकी बसवताना माथ्यावर रंगाचे दोन हात दिले, पट्टी बदलली, झाकणापासून टाकीपर्यंतची तडकलेली जाड नळी व तिच्या क्लिपा बदलल्या. मग टाकी काठोकाठ भरून गाडी चार रात्री झाडाखालीच ठेवली आणि पाचव्या रात्री आत आणली.

आता मे महिन्यात लांबून आल्यावर दहा-पंधरा मिनिटे बॉनेटपाशी पुसटसा वास येतो. इंजिनाच्या उष्णतेने कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळते, त्याचा तो वास असतो; या रचनेत तो पूर्णपणे टळत नाही. तेवढा वेळ गाडी फाटकाबाहेर उभी राहते. मागच्या खोलीच्या दाराखाली रबरी पट्टी लावली आहे, आणि जुनी टाकी मिस्त्रींनी मागून नेली. नव्या पोरांना माथा दाखवायला हवा, म्हणाले.