सुटायचं कधी

प्रयोगशाळेत नवा आलेला विद्यार्थी आधी घट्ट बांधायला शिकतो आणि बरेच दिवस तिथंच रमतो. डीएनए ऋणभारित असतो. त्यात धनभारित पॉलिमर मिसळला की दोघं एकमेकांना कवटाळतात आणि काही मिनिटांत कण तयार होतात. पॉलिएथिलिनइमाइन, आमच्या बोलण्यातलं 'पीईआय', या कामात पटाईत. जेलवर चालवलं तर डीएनए जागचा हलत नाही. पोरं खूश होतात. मग तेच कण पेशींवर टाकले की एक तर पेशी मरतात, नाही तर जगतात पण जनुक कामाला लागल्याची खूण असलेला हिरवा प्रकाश काही दिसत नाही. माल आत पोचलेला असतो, गाठ सुटलेली नसते.

मी सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावचा, सध्या पोटासाठी पुण्यात. आमच्याकडं हळद, सोयाबीन मोंढ्यावर जाताना पोत्याचं तोंड असं शिवलेलं असतं की गाडीच्या हिसक्यांनी उसवत नाही आणि नेमकं टोक धरून ओढलं की सर्रकन उघडतं. जनुक वाहणाऱ्या कणाकडून मला एवढंच हवं असतं. पण पेशीत टोक ओढायला हमाल नाही. कुठं सुटायचं हे कणालाच कळलं पाहिजे.

ते कळतं आंबटपणावरून. पेशी कणाला एका पिशवीत गिळते आणि ती पिशवी हळूहळू आम्ल होत जाते. रक्ताचा पीएच 7.4, पिशवीचा साडेपाचपर्यंत उतरतो. पॉलिमरऐवजी आता वापरात असलेले चांगले लिपिड, म्हणजे स्निग्ध रेणू, रक्तात जवळपास भाररहित असतात, म्हणून पेशींना फारसे बोचत नाहीत. आम्लात मात्र त्यांच्यावर धनभार चढतो, ते पिशवीच्या पडद्यात घुसतात आणि तो फोडतात. तरीही 2013 मधल्या एका मोजणीत जेमतेम एक-दोन टक्के माल बाहेर पडलेला दिसला. उरलेला पेशी पचवून टाकते. हा आकडा ऐकून लोक हळहळतात. मला नवल वाटतं ते एवढ्यावर औषध झालं याचं: 2018 मध्ये अमेरिकेत पॅटिसिरानला मान्यता मिळाली, ते याच जातीच्या कणांतून यकृतात जातं.

कण बनवायचं काम दिसायला साधं आहे. एका सिरिंजमध्ये इथेनॉलमध्ये विरघळलेले चार लिपिड, दुसरीत आम्लधर्मी बफरमधला आरएनए. एकास तीन प्रमाणात दोन्ही धारा बारीक नळीत भिडतात. वेग कमी पडला तर कण मोठे आणि वेडेवाकडे होतात. नीट जमलं तर द्रव दुधी निळसर दिसतो. साधारण 80 नॅनोमीटर, केसाच्या जाडीचा हजारावा भाग. यंत्र आकार सांगतंच, पण त्याआधी मी नळी उजेडात धरून ती निळी झाक बघतो. ती नसेल तर यंत्राकडं जायची घाई करत नाही.

पेशीत जनुक पोचवण्यात विषाणू आमच्यापेक्षा कितीतरी सरस, हे मान्यच करायला हवं. हडपसरची कोविशील्ड चिंपांझीच्या ॲडिनोविषाणूवर स्वार झाली. आयआयटी मुंबईतून निघालेली, 2023 मध्ये मान्यता मिळालेली नेक्सकार19 ही रक्ताच्या कर्करोगावरची उपचारपद्धती लेंटिविषाणू वापरते. पण 1999 मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा ॲडिनोविषाणूतून जनुक दिल्यावर दगावला. शिवाय शरीर विषाणूला ओळखून ठेवतं, दुसरा डोस आत येऊ देत नाही. 2025 मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळाचा जन्मजात यकृतदोष दुरुस्त करायला लिपिड कणांतून जनुक-संपादनाचं साहित्य दिलं, तेही तीन वेळा, मात्रा वाढवत. विषाणूतून हे जमलं नसतं.

गावी गेलो की चुलते विचारतात, "तुमचं औषध फ्रिजात ठेवावं लागतं का रं? लाइट गेली तर?" परिषदेत असा नेमका प्रश्न क्वचितच येतो. फायझरची लिपिड कणांतली कोविड लस सुरुवातीला उणे 70 अंशांवर ठेवावी लागे. गोरेगावापर्यंत ती थंडी टिकवायची कुणी? पुण्याच्या जेनोव्हाची एमआरएनए लस जून 2022 मध्ये मंजूर झाली, ती 2 ते 8 अंशांत राहते. पुढच्या वर्षीची ओमायक्रॉनवरची लस तर भुकटीच्या रूपात आणि बिनसुईची. कण सुकवताना एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सुक्रोजसारखी साखर घालतात. काकांना साखरेचं पटलं.

पटलं नाही ते दुसरंच. रक्तात सोडलेले कण बहुतेक यकृतातच उतरतात, कारण रक्तातलं एक प्रथिन त्यांना चिकटून तिकडं नेतं. गडचिरोली, नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या रुग्णांना उपयोग व्हायचा तर कणांनी अस्थिमज्जेत जायला हवं. लिपिडांचं प्रमाण बदलून ही वाट वळवायचे प्रयत्न जगभर चाललेत. उंदरांत थोडंफार जमतंय.