वास्तुशांतीची साडी

ती. सौ. ताईस,


परवा फोनवर तू विचारलंस, ‘तुझ्या वास्तुशांतीची साडी मी घेऊन ठेवू, की सुनेच्या नावानं ठेवून जाऊ?’ हसलो खरा, पण नंतर झोप लागेना. २०११ साली ही जमीन घेतली तेव्हा ‘तीन वर्षांत घर उभं’ असं मीच आईला सांगितलं होतं. आई गेली, आणि माझ्या घराला अजून आतलं छत लागतंय. राग मानू नकोस, पण हा उशीर निव्वळ आळसाचा नाही. कर्ज काढायचं नाही म्हटल्यावर पगारातून उरेल तेवढंच बांधकाम. त्यातून नोव्हा स्कोशियात बांधकामाचे महिने मे ते ऑक्टोबर, आणि माझे त्यातले फक्त शनिवार-रविवार. हॅलिफॅक्सहून शंभरेक किलोमीटर गाडी हाकत ॲनापोलिस खोऱ्यात यायचं, करवत चालवायची, रविवारी रात्री परत.

पैसे असते तर मात्र मी भलतंच घर बांधून बसलो असतो, हे तुला सांगायचंय.

पहिला नकाशा मी काढला तो आपल्या वाईच्या वाड्याचाच होता. पुढे खोल ओसरी, लहान खिडक्या, स्वयंपाकघर पूर्वेला. दुसऱ्या वर्षी पैसे संपले, पाया तसाच राहिला, आणि सुट्टीचे दिवस मी शेजारी ट्रेलरमध्ये काढू लागलो. डिसेंबरात तिथं बसलो की उन्हाकडे बघण्याखेरीज उद्योग नाही. वाईला ऐन हिवाळ्यातही भर दुपारी सूर्य बराच वर असतो, ४८-४९ अंशांवर. इथे तो २१-२२ अंशांपलीकडे चढतच नाही. दक्षिणेच्या झाडांना टेकून सरकत राहतो आणि चारनंतर बघता बघता अंधार. आपल्या वाड्यानं जन्मभर ऊन बाहेर ठेवलं. इथे मिळेल तेवढं घरात ओढून घ्यावं लागतं. नकाशा फाडला. दक्षिणेची भिंत जवळजवळ सगळी काचेची केली आणि ओसरी उत्तरेला गेली. बाबा असते तर म्हणाले असते, घर उलटं घातलंस.

भिंतीही उलट्याच. भिंत म्हणजे लाकडाचा सांगाडा, दर १६ इंचांवर एक उभा दांडा. (दुकानात ‘दोन बाय सहा’ म्हणून मागायचा, मोजला की दीड बाय साडेपाच भरतो, पहिल्यांदा वाटलं दुकानदारानं फसवलं, पण सगळीकडे तेच माप.) मधे ग्लासवूल भरायचं आणि आतल्या बाजूनं प्लास्टिकचा कागद ताणून ठोकायचा. आपल्याकडे पावसाचं पाणी भिंतीत शिरू नये म्हणून धडपड; इथे आपल्याच चहाची, आंघोळीची, श्वासाची वाफ भिंतीत शिरली तर थंड बाजूला तिचं पाणी होतं आणि लाकूड कुजतं.

पडवीची गंमत मात्र कुणाला सांगू नकोस. इथे पाया चार फूट खाली न्यायचा, कारण तितकी जमीन थंडीत गोठू शकते. गोठताना ती खालचं पाणी वर ओढते, बर्फाचे थर धरते आणि वरचं सगळं उचलते. घराचा पाया नियमाप्रमाणे केला. पडवीचे खांब मात्र दोन फुटांवरच थांबवले, म्हटलं पडवीच तर आहे. मार्चमध्ये येऊन बघतो तर एक खांब दोन इंच वर, आणि दार लागेना. आपलं माजघराचं दार श्रावणात फुगायचं तेव्हा बाबा काय करायचे? रंधा. मीही रंधा घेतला आणि दार तासून बसवलं. मे महिन्यात खांब खाली बसला आणि दाराच्या फटीतून माझं बोट आरपार जाऊ लागलं. पुढचा अख्खा उन्हाळा खांब उकरण्यात गेला. ते दार मी टाकलेलं नाही, खोपीला लावलंय.

मनाच्या समाधानासाठी मी एक उदाहरण जवळ बाळगतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं झुरिकच्या सरोवराकाठी, बोलिंगेनला, १९२३ साली एक गोल दगडी बुरूज बांधायला घेतला. मग काही वर्षांनी एक भाग, पुन्हा काही वर्षांनी आणखी एक. शेवटचा मजला, १९५५ मध्ये बायको वारल्यानंतर, वयाच्या ऐंशीत. तिथे त्यानं वीज घेतलीच नाही. मी घेतली आहे, काळजी नको. २०२२ च्या सप्टेंबरात फिओना वादळानं प्रांतातल्या चार लाखांहून जास्त ग्राहकांचे दिवे घालवले तेव्हा मात्र मीही युंगच झालो होतो. लाकडाच्या शेगडीवर पिठलं केलं. छप्पर जागचं हललं नाही.

आता कामाचं. या उन्हाळ्यात आतलं छत बंद करतोय. एकदा बंद झालं की वर दुहेरी तुळई घालता येणार नाही, आणि झोपाळा टांगायचा तर ती हवीच. वाड्यातल्या झोपाळ्याच्या कड्यांमधलं अंतर मला कळव. दोन्ही बाजूंचं वेगवेगळं मोज, तुळई थोडी कललेली आहे. अंदाजानं सांगू नकोस, टेप लाव. भाच्याला शिडीवर चढव, तू चढू नकोस.

पितळी साखळ्या माळ्यावर असतील तर काढून ठेव. चिंच लावून घासू मात्र नकोस. काळ्याच राहू देत.

तुझा,
धाकटा