ते बाळ

सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर एक पाटी असते: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. पहिल्यांदाच आईबाबा होऊ घातलेली जोडपी बाळाच्या पहिल्या दर्शनाची वाट पाहत याच पाटीखाली बसलेली असतात.

आत जे घडते, त्यामागचे भौतिकशास्त्र साधे आहे. काही मेगाहर्ट्झ वारंवारतेचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी मऊ ऊतींमधून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो आणि ऊतींच्या सीमांवरून परततो. परतायला किती वेळ लागला यावरून अंतर कळते आणि अशा असंख्य प्रतिध्वनींतून चित्र उमटते. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी सहकाऱ्यांसह १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये हे तंत्र मांडले.

आईला बाळाची चाहूल शरीरातूनच लागते. मळमळ, डोहाळे आणि पहिल्या खेपेस साधारण अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास जाणवणारी पहिली हालचाल. वडिलांच्या शरीरात अशी कोणतीच खूण नसते. पडद्यावर लुकलुकणारे, त्यांच्या स्वतःच्या हृदयापेक्षा जवळपास दुप्पट वेगाने धडधडणारे इवलेसे हृदय हाच अनेकदा त्यांचा पहिला पुरावा असतो.

उलट दिशेनेही ओळख होत असते. अखेरच्या तिमाहीत गर्भाला आवाज ऐकू येतात. डीकॅस्पर आणि फायफर यांच्या १९८० च्या प्रयोगात अवघ्या काही दिवसांच्या अर्भकांनी अनोळखी स्त्रीपेक्षा आईचा आवाज अधिक पसंत केला. वडिलांच्या आवाजाबाबत मात्र पुढच्या प्रयोगात तशी पसंती दिसली नाही. पोटाला तोंड लावून बोलणाऱ्या बाबांनी खट्टू होऊ नये. त्या बोलण्याने बाळापेक्षा आधी बाबाच घडत असतो.

मेका क्रॅनली यांनी १९८१ साली हे नाते मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. पोटातल्या बाळाशी बोलणे, त्याला टोपणनावाने हाक मारणे, त्याच्या स्वभावाची कल्पना करणे, अशा साध्या गोष्टी तिच्यात आहेत. यांपैकी एकीसाठीही मुलगा की मुलगी हे ठाऊक असावे लागत नाही.

भारतात याच ध्वनिलहरींनी दुसरे कामही केले. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४५ मुली होत्या. २००१ मध्ये ९२७ उरल्या. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, तर देशाने १९९४ मध्ये कायदा केला. आज शब्दांनी, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे गर्भाचे लिंग सांगणे हा गुन्हा आहे. यंत्र तेच, लहरी त्याच. फरक विचारणाऱ्याच्या प्रश्नात होता. बाळ कसे आहे, की बाळ कोण आहे?

हिंदीत नपुंसकलिंग नाही. बोलणाऱ्याला पुल्लिंग किंवा स्त्रीलिंग निवडावेच लागते. मराठीत मात्र 'ते बाळ' हलते, 'ते' उचक्या देते. कायद्याला जे बळाने राखावे लागते, ते या भाषेच्या व्याकरणात आधीपासूनच आहे.

उत्तर कळेपर्यंत थांबलेली माया ही माया नसते, ती अट असते. पाटीखालच्या बाकावर बसलेल्या जोडप्याला कायदा नऊ महिने देतो, त्या अटीवाचून ओळख करून घेण्यासाठी.