दुखणे आणि तक्रार

कादंबरीच्या भाषांतरात एखादी छटा निसटली, तर समीक्षक त्यावर चार ओळी लिहितो आणि वाचक पुढे जातो. पण छटेबरोबर एखाद्या माणसाचे दुखणेच हिशेबातून निसटावे, असेही भाषांतर असते. हे आम्हांस एका प्रश्नावलीने शिकविले.

जर्मनीत राहात असताना एका लहानशा अभ्यासगटाला भाषेच्या बाजूने मदत करण्याचे काम आमच्याकडे आले. कामामुळे स्नायूंना व सांध्यांना होणारा त्रास नोंदविणारी 'नॉर्डिक प्रश्नावली' जर्मनमध्ये आणायची होती. कुओरिंका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८७ साली प्रसिद्ध केली. पाठमोऱ्या माणसाचे चित्र, त्यावर मानेपासून पावलांपर्यंत आखलेले ९ भाग, आणि प्रत्येक भागाविषयी मोजके प्रश्न. गेल्या १२ महिन्यांत येथे त्रास झाला का? त्यामुळे नेहमीचे काम अडले का? गेल्या ७ दिवसांत झाला का? उत्तर फक्त होय किंवा नाही.

अशा रूपांतराची रीत मोठी कडक असते. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, त्यांतून एक पाठ सिद्ध करायचा, मूळ न पाहिलेल्या दोघांनी तो उलट इंग्रजीत न्यायचा, समितीने सारे पाठ ताडून पाहायचे, आणि शेवटी ३० ते ४० माणसांकडून उत्तरे घेऊन त्यांना काय समजले ते विचारायचे. कवितेच्या भाषांतराला एवढी परीक्षा क्वचितच द्यावी लागते.

अवयवांच्या नावांत आम्ही आनंदाने रमलो. जर्मनमधील 'हाल्स' म्हणजे गळ्यासकट सगळी मान, 'नाकेन' म्हणजे फक्त मागची बाजू. चित्र पाठमोरे, म्हणून 'नाकेन' घेतला. कमरेसाठी बोलीत 'क्रॉइत्स' म्हणतात, आणि त्याचा दुसरा अर्थ क्रूस. कमरेत उसण भरली, तर ती 'हेक्सनशुस', चेटकिणीने मारलेला बाण!

ज्या शब्दाविषयी आम्ही निर्धास्त होतो, तो मात्र 'बेश्वेर्डन' होता. मूळ इंग्रजी प्रश्नातील शब्दात ठणक, वेदना, अवघडलेपण हे सारे येते. ते एकट्या 'श्मेर्त्स'मध्ये, म्हणजे वेदनेत, मावत नाही. 'बेश्वेर्डन'मध्ये 'श्वेर' म्हणजे जड हा शब्दही दडलेला. उलट भाषांतरातून तो सुखरूप परत आला. समितीने मान डोलावली.

मग हॉटेलातील खोल्या झाडणाऱ्या एका तुर्की बाई आमच्यासमोर बसल्या. सगळ्या भागांपुढे त्यांनी 'नाही' लिहिले होते. आम्ही प्रश्न कसा समजला ते विचारले. त्या किंचित ताठ बसून म्हणाल्या, "बारा महिन्यांत माझ्याविषयी एकही बेश्वेर्डे नाही. पाहुणे खूश असतात." आणि हे सांगताना त्यांचा डावा हात कमरेवर दाबलेला होता.

त्यांची जर्मन कामावर शिकलेली होती, आणि कामावर हा शब्द एकाच अर्थाने येई: गाऱ्हाणे. ही गफलत मराठी माणसाने तरी आधी ओळखायला हवी होती. आपल्याकडेही पोटाची तक्रार असते आणि साहेबांकडे केलेली तक्रारही असते. आम्ही चित्र पुढे केले. त्यांनी कमरेवर बोट ठेवले, मग दोन्ही मनगटांवर, आणि विचारले, "हे लिहिले तर मालकाला कळेल का?"

समितीत त्या संध्याकाळी वाद झाला. नुसते 'श्मेर्त्सन' लिहावे, तर ज्यांचे अंग केवळ आखडते ते गळतील आणि इतर देशांतील आकड्यांशी तुलना बिघडेल. शेवटी 'श्मेर्त्सन' पुढे ठेवून 'बेश्वेर्डन' त्याला जोडला, चित्र पहिल्या प्रश्नाच्या वर आणले, आणि कागद कोणाच्या हाती जाणार नाही हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहिले. शेवटची सूचना भाषेची नव्हे, म्हणून काहींना ती आमच्या अधिकाराबाहेरची वाटली. आम्हांस मात्र तीच भाषांतराची सर्वांत आवश्यक ओळ वाटली. दुसऱ्या दिवशी, आधी 'नाही' म्हणून गेलेल्यांना पुन्हा भेटायला आम्ही निघालो.